जावईबापूंची गाडी

"जावयाला हरवलास तर बघ! मागच्या खेपेला कॅरममधी हरवलास, तोंड फुगवून उठले. रिया मंग दिवालीला पन आली नाय," गंगाबाईने तव्यावर सुरमई टाकता टाकता पोराला दम भरला.

प्रणित मुकाट्याने बाहेरच्या खोलीत आला. हरायला त्याची ना नव्हती. बहीण माहेरी येत राहिली की झालं. पण देवेशरावांपुढे हरणं म्हणजे काय खायचं काम! उलव्याचे जावईबापू कॉम्प्युटरसमोर ऐसपैस बसून शर्यतीची गाडी हाकत होते, आणि गाडी थेट खड्ड्यात. प्रणितने आपली गाडी थांबवली, उलटी फिरवली, शेवटी तीही खड्ड्यात घातली. तरी जिंकला तोच! जावईबापू रस्ता सोडून भलतीकडेच गेले होते.

देवेशरावांच्या कपाळावर आठी चढली. दारात उभ्या रियाचा चेहरा उतरला.

"दाजी, थांबा. जरा सेटिंग बघतो," प्रणित म्हणाला.

दोन्ही कंट्रोलरना नावं दिलेली होती, तीच पडद्यावर गाड्यांच्या डोक्यावर दिसायची. प्रणितने आपल्या हातातल्याला नाव दिलं 'देवेशराव' आणि त्यांच्या हातातल्याला 'प्रणित'. मग त्याला कंट्रोलरवरचा दिवा आठवला. निळा दिवा तुमचा, असं मघाशी त्यानेच तर सांगितलं होतं. त्याने दोन्हींचे दिवे निळे करून टाकले. आता ब्रह्मदेवाला ओळखू येऊ दे!

शर्यत सुरू झाली. 'देवेशराव' सुसाट सुटले. 'प्रणित' बिचारा कुंपणाला धडका देत राहिला.

"वळण बघितलंत? वळण!" जावईबापू बटणं बडवत ओरडत होते. सासरे काशिराम टाळ्या पिटत होते. रिया खुदकन हसली, तसा प्रणितचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात गंगाबाई सुरमईची ताटली घेऊन आली. वासाने देवेशरावांना राहवेना. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी काटे काढायला बसले.

'प्रणित' जागच्या जागी थांबला. 'देवेशराव' मात्र भरधाव चालले होते. प्रणितच्या हे ध्यानात येईपर्यंत त्याच्या बोटांनी घात केला होता. गाडी रेषेपार गेली. पडद्यावर फटाके उडाले: देवेशराव विजयी!

काशिराम पंख्याकडे बघू लागले. देवेशरावांनी पडद्याकडे पाहिलं, खाली ठेवलेल्या कंट्रोलरकडे पाहिलं, मग मसाल्याने माखलेल्या आपल्या बोटांकडे. आता उठतात की काय! रियाने पदर तोंडाशी धरला.

"बगा!" गंगाबाई कौतुकाने म्हणाली. "हात पन नाय लावला, नि जिकले आमचे जावई!"

देवेशरावांनी सावकाश एक काटा काढला.

"आई, अजून एक तुकडी वाढा," ते म्हणाले. "आणि प्रणित, पुढची शर्यत लाव. माझं जेवण होईस्तोवर जिंकत राहा."