अंगावरचा भार

डॉक्टर मोहितेबाईंनी दोन्ही रिपोर्ट पुढे ठेवले, तेव्हा शर्मिष्ठाला हसूच आलं.

"मॅडम, नावांची अदलाबदल झालीय. ठिसूळ हाडं आईची असणार. ती बहात्तरची आहे, मी छत्तीसची."

"मलाही तसंच वाटलं, म्हणून पुन्हा तपासलं. ठिसूळ हाडं तुमचीच आहेत."

शर्मिष्ठाच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेत असल्यापासून तिच्या अंगात यंत्रपोशाख होता. जिना तोच चढायचा, पिशव्या तोच उचलायचा, तिचं वजनही तोच पेलायचा. शेजारी बसलेल्या तिच्या आईने, द्वारकाबाईंनी, तो कधी अंगाला लावला नव्हता. त्या अजून आंब्याच्या पाट्या डोक्यावरून आणत.

"पण मला कधी काही दुखलं नाही हो!"

"भार पडला तरच हाड घट्ट होतं. तुमच्या हाडांवर तो पडलाच नाही. आता पोशाख एकदम काढू नका, कुणी धरून असेल तेव्हाच थोडा वेळ काढा; साध्या ठेचेनेही हाड मोडेल." डॉक्टरांनी दाराबाहेर पाहिलं. "मुलीला कधीपासून घालता?"

"रांगत होती तेव्हापासून. पडू नये म्हणून."

बोलता बोलताच ती गारठली. बाहेर बाकावर बसलेल्या सात वर्षांच्या ओवीकडे ती गेली आणि तिच्या पोशाखाचे पट्टे सोडू लागली.

"आई, नको ना! मी पडेन!"

"पडू देणार नाही," म्हणत मागोमाग आलेल्या द्वारकाबाईंनी नातीला दोन्ही हातांनी धरून उभं केलं.

ओवीचे पाय लटपटले. तिने खाली पाहिलं आणि घाबरून विचारलं, "आजी, आधी कुठला पाय उचलायचा?"