नेढ्यातून जोडीने

डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली तेव्हाही सुपडू आणि भागीरथी एकमेकांशी बोलत नव्हते. दोन वर्षं झाली होती.

त्यांच्या मुलाने, प्रदीपने, उपाय पुष्कळ केले. डुमसच्या समुद्रावर नेलं, सापुताऱ्याला नेलं, द्वारका दाखवली. दोघं पोटभर जेवले, फोटो काढून घेतले, बोलले नाहीत. आता कोजागिरीनंतरच्या रविवारी डांगातलं हे नेढं. सुळक्याला आरपार भोक, त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. जोडीने पार झालं की अबोला सुटतो, असं प्रदीपने मोबाइलवर पाहिलं होतं. त्यामुळे शंकेला जागा नव्हती. इथेही नाही जमलं तर थेट काश्मीर, असं त्याने गाडीतच जाहीर केलं.

सोबत चिंधाकाका होते. उधन्याच्या एकाच लूम-कारखान्यात सुपडू, भागीरथी आणि ते अशी तिघांनी तीस वर्षं काढली. दोष त्या कारखान्याचाच, हे प्रदीपचं मत. मागांच्या एवढ्या धडधडीत तोंड उघडून उपयोग नाही. माणसाची बोलायची सवयच जाते.

पिवळ्या गवतातून वाट चढत होती. भागीरथी मधूनच कानाची पाळी ओढी, सुपडू खांदा झटके. सून वृषाली हे रोज बघायची. नसांचा त्रास म्हणून तिने दोघांना गोळ्याही सुरू केल्या होत्या. चिंधाकाका मागून उगाच हसत. त्यांनाही त्याच गोळ्या चालतील का, याचा ती विचार करत होती.

नेढ्यात वारा घोंघावत होता. प्रदीपने आईचा हात बाबांच्या हातात दिला. चार पावलं गेले आणि सुपडूचा पाय गुळगुळीत दगडावरून सटकला.

"अहो, पाय सांभाळा," भागीरथी ओरडली.

सुपडू सावरला. तिच्याकडे जरा रागानेच बघत म्हणाला, "सांभाळला."

प्रदीप तिथेच बसून हमसाहमशी रडला. वृषालीने पेढे काढले. ते ती घरूनच घेऊन आली होती. अनोळखी ट्रेकर मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि सगळा सुळका दणाणला.

परतताना प्रदीप शीळ घालत गाडी चालवत होता. मागच्या सीटवर सुपडूने खांदा झटकला, नाक घासलं. शेजारी बसलेला चिंधा खुणांची ती बोली लूमच्या गडगडाटात तीस वर्षं वाचत आला होता: 'घाई केलीस. काश्मीर राहिलं.'

भागीरथीने कानाची पाळी ओढली, चार बोटं दाखवली, मूठ आवळली: 'फराळ होऊ दे. भाऊबीजेला भांडू.'