साडेतीन हात

साथीत शेजारच्या वस्तीची दफनभूमी भरली, तेव्हा ते लोक आपली प्रेतं घेऊन मुसलमानांच्या कब्रस्तानाशी आले. विश्वस्त कुरकुरले, "त्यांचा धर्म वेगळा."

कबरी खोदणारे चाचा भडकले. "जे आपल्यासाठी हवं तेच दुसऱ्यासाठी मागा, ही पैगंबरांची शिकवण ना? उद्या आपल्याला जागा नसली तर?"

त्यांनी फाटक उघडलं आणि हाताला फोड येईपर्यंत खोदत राहिले. पोराला पुरून एक बाप त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

काही वर्षांनी तोच बाप चार माणसं घेऊन आला. चाचा लगबगीने पुढे झाले. "या, पोराला भेटायला आलात?"



"आमची माणसं इथे पुरलीत, म्हणजे जागा आमचीच. यापुढे तुमच्या कबरी दुसरीकडे खोदा."