झालं तेवढंच

मैदानावर मारायला आणलेलं टँकरचं पाणी सकाळीच बायांनी घागरी भरभरून नेलं. संयोजक चिडले, तेव्हा शिवमूर्तीच मध्ये पडला. “नेऊ द्या. खेळ काय, कोरड्यात बी होतोय.” लातूर जिल्हा नवा झाला होता, कचेऱ्यांवर पाट्या नव्या लागल्या होत्या. पाणी तेवढं नव्या जिल्ह्यातही नव्हतं.

दुपारी अहमदपूरच्या त्याच मातीच्या मैदानावर बास्केटबॉलचा सामना सुरू झाला आणि शिवमूर्ती माईकसमोर बसला. रेल्वेच्या संघाकडून खेळून नाव कमावलेला हा गडी, गुडघा गेल्यापासून घरी बसून होता. आज त्याची परीक्षा होती. शेजारच्या खुर्चीत रेडिओचे साहेब टेप लावून बसले होते. पसंत पडला तर समालोचक म्हणून घेणार होते. निघताना शिवम्मानं नवऱ्याच्या कपाळाला विभूती लावली होती.

सुरुवात झकास झाली. पण अहमदपूरच्या मलप्पाला त्यानंच खेळ शिकवला होता. मलप्पाच्या पाठीमागून लातूरचा खेळाडू झेपावताना दिसला आणि शिवमूर्तीच्या तोंडून निघून गेलं, “मलप्पा, मागं बघ!”

कर्ण्यातून ते साऱ्या मैदानानं ऐकलं. लातूरवाले भांडायला उठले. साहेबांनी टेप थांबवली.

“शिवमूर्ती, तुम्ही आता खेळाडू नाही. झालं तेवढं सांगायचं, व्हायचंय ते नाही. पुन्हा असं केलंत तर मी निघालो.”

“चुकलं, साहेब.”

टेप पुन्हा फिरू लागली. खेळाडूंच्या पायांनी रिंगखालची माती उडत होती. तिच्या खाली हातभर भेग उघडी पडलेली शिवमूर्तीला दिसली आणि त्याच वेळी मलप्पा चेंडू घेऊन तिकडंच सुटला. त्याचं पाऊल कुठं पडणार, हेही शिवमूर्तीला दिसलं. एक हाक पुरली असती. त्यानं माईक घट्ट धरला.

“मलप्पा रिंगखाली... उडी घेतोय... आणि पडला! मलप्पा पडला! उजवा गुडघा धरून मातीत लोळतोय मलप्पा!”

आवाज जराही कापला नाही. उलट असा लागला की लिंबाखाली बसलेली माणसं उठून उभी राहिली.

“वा!” साहेब म्हणाले. “असाच आवाज हवा होता. पुढच्या महिन्यापासून या.”

चौघांनी मलप्पाला सतरंजीत घालून टेबलाजवळून नेलं. त्यानं शिवमूर्तीचा हात धरला.

“अण्णा, तुमचा बी हाच गुडघा ना? मी खेळंन ना पुन्हा?”

उत्तर शिवमूर्तीला पाठ होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं हळूच हात सोडवून घेतला.

“मी आता झालं तेवढंच सांगतो, मलप्पा.”