जावळाआधी

मामाने जुईला मांडीवर घेतलं, न्हाव्याने कात्री काढली, तशी ऋजुता कळवळली.

“आई, अजून पंधराच दिवस थांबू या ना. बोटांना स्पर्श कळेपर्यंत.”

अपघातात तिच्या दोन्ही हातांच्या नसा तुटल्या, तेव्हा जुई पोटात होती. लेकीचं जावळ हाताला कसं लागतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. प्रयोगशाळेत जंतूंकडून बनवून घेतलेलं प्रथिन दंडात टोचल्यापासून नसा रोज दोन मिलिमीटर पुढे सरकत होत्या.

“मामाची रजा संपली गं आज,” सासूबाई म्हणाल्या. “कुठवर कळतंय?”

“तळव्यापर्यंत.”

“मग तळवा ठेव की, वेडे!”

तिने ठेवला. केस ऊबदार होते, घामाने जरासे ओलसर, आणि त्यांच्याखाली टाळू उडत होती.

बऱ्याच वेळाने तिने हात काढला. “कापा आता,” ती न्हाव्याला म्हणाली.