अकराची सभा

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि चाळीस खुर्च्यांवर मिळून एकट्या मॅडम बसल्या होत्या.

मॅडम ग्रामविकासाच्या अधिकारी. खुर्च्या त्यांनी शहरातून टेम्पोने आणवल्या होत्या. गावात माणसं उरली होती बरोबर वीस; पण योजनेच्या कागदावर चाळीस हा आकडा छापीलच होता. बंद पडलेल्या शाळेचा वर्ग झाडून घेतला होता. फळ्यावर कापडी फलक होता : ‘एक पाऊल गावासाठी’.

गाव सावरायचं तर गावकऱ्यांनी स्वतः पुढे यायला हवं, असं योजनेत म्हटलं होतं. कोणीच पुढे आलं नाही तर काय करायचं, हेही म्हटलं होतं. त्यासाठी मॅडमच्या पर्समध्ये रबरी शिक्का होता : ‘लोकसहभाग नाही’. तो बसला की गाव यादीतून जायचं. रस्ता, दवाखाना, नळ, सगळ्यासकट. महिन्याभरात शिक्का दोनदा वापरून झाला होता. छान उमटायचा.

मॅडमनी शिक्का काढला, शाईची डबी उघडली. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं तर अख्खं गाव बसमध्ये चढत होतं. कपडे इस्त्रीचे, पण कोणाच्या हातात पिशवीसुद्धा नाही.

मॅडम पर्स खांद्याला लावून शिक्क्यासकट धावल्या आणि बसच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

“सभा सोडून कुठे निघालात सगळे?”

“कुठेच नाही,” न्हावी म्हणाला. “शहरात जायचं आणि याच बसने परत यायचं. कालही गेलो होतो, परवाही.”

“तिथे काय काम असतं?”

“काम कसलं? आम्ही उतरतच नाही.”

“काल या न्हावीदादांनी जाताजाता चौघांच्या दाढ्या उरकल्या,” सुताराची बायको म्हणाली. “खड्डा आला आणि मास्तरांची अर्धी मिशी गेली. मग उरलेली पण काढली.”

मास्तरांनी रुमाल ओठांवर धरला आणि त्याच्याआडून खुलासा केला. “वीस माणसं नसली तर ही फेरी बंद, असा बसवाल्यांचा कागद आलाय, मॅडम. आठवडाभर मोजणी आहे. एक दिवस जरी आकडा चुकला तरी संपलं. आज शेवटचा दिवस. तुमची सभा काय, पुन्हा लागेल. पण पोरंबाळं कधीमधी येतात ती याच बसने.”

मॅडमनी बसभर नजर फिरवली. मग त्यांच्या लक्षात आलं, की बस हलत नव्हती.

कंडक्टर दोनदा मोजून झाला होता. दोन्ही वेळा एकोणीस भरले. सुताराची आई रात्रीपासून तापाने फणफणली होती. तरी म्हातारी चपला घालून दारापर्यंत आली होती. सुनेने तिथूनच परत फिरवून निजवली.

शेवटच्या सीटवर तपासनीस बसला होता. मांडीवर कागद, हातात पेन्सिल.

मॅडमना कोणी काही विचारलं नाही. सगळे पलीकडच्या खिडक्यांतून बाहेर बघू लागले. तिकडे एक भिंत होती.

मॅडमनी हातातल्या शिक्क्याकडे पाहिलं. तो पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली.

“एक तिकीट द्या,” त्या कंडक्टरला म्हणाल्या.

“कुठलं?”

“जाऊन-येऊन.”

तिकीट फाटल्याचा आवाज सगळ्या बसला ऐकू गेला. तपासनिसाने पेन्सिल कागदाला टेकवली, पण आकडा काही लिहिला नाही. मान वर न करता तो म्हणाला,

“पायरीवरचा माणूस आम्ही धरत नाही, मॅडम. एक पाऊल आत टाका.”