टेबलावरची शेगडी
नोएडातल्या नव्या मॉलमध्ये टेबलावरच शेगडी पेटवून वेटर तीवर रश्शाचं पातेलं आणि शेजारी कच्च्या भाज्या ठेवून गेला, तेव्हा चंद्रप्रभाबाईंचं डोकंच फिरलं. “घरी रांधायचा कंटाळा म्हणून हॉटेलात यायचं, आणि इथंही आपणच रांधायचं? धन्य आहे तुमची!” मैत्रिणी हसल्या. त्यांच्यातली साधना मात्र उकळत्या पातेल्याकडे बघत बसली. नवरा वारल्यापासून तिनं गॅस पेटवला नव्हता. चंद्रप्रभाबाई तिला रोज डबा पाठवत आणि ‘स्वतः कधी रांधणार?’ म्हणून रोज चिडत. आताही तणतणतच त्यांनी मशरूम, पालक, नूडल्स सगळं एकदमच पातेल्यात लोटलं. “अहो ताई, पालक शेवटी!” साधनानं त्यांच्या हातातला डाव हिसकावला. मैत्रिणी चपापल्या, बाईंच्या हातून डाव घ्यायची आजवर कुणाची टाप नव्हती. बाई खुर्चीत मागे रेलल्या. साधनानं रस्सा चाखून मीठ मागितलं. वेटर धावला, “आंटी, मैं कर दूँ?” “हाथ मत लगा!” बाई कडाडल्या, “उसको करने दे!”